मागे घेतलेली विनंती

अम्मान, ११ मार्च २०१८

सुब्ही,

हे पत्र हाज्जा फिक्रिय्या आणून देईल. तिला दारात उभी ठेवू नकोस. इकडच्या सिगारेटी तिकडे आणि तिकडचा झातर मसाला इकडे करत दर पंधरा दिवसांनी सीमेवरचा पूल ओलांडणं तिच्या वयाला सोपं नाही. तिचे पाय सुजतात. टपालाने पाठवलं असतं तर पोहोचेल की नाही याचा भरवसा नव्हता.

बावीस वर्षांत मी तुला लिहिलं नाही, तूही मला लिहिलं नाहीस. त्याची चर्चा इथे करत नाही. काम आहे म्हणून लिहिते आहे.

इस्रायल, तुमचं प्राधिकरण आणि आमचं सरकार, या तिघांच्या अधिकाऱ्यांची एक लहान समिती बसली आहे. पुलावरून परत पाठवलेल्या जुन्या लोकांपैकी काहींना कायमचं घरी जाऊ द्यायचं, असं त्यांचं ठरतं आहे. त्यात ऐन सिद्रच्या मुलांचा विषय निघाला. मुलं म्हणायची सवय गेली नाही. शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात इर्बिदच्या कॉलेजातून सुट्टीला घरी निघालेली तुमच्या गावची अकरा मुलं ‘सुरक्षेच्या कारणावरून’ पुलावर अडवली गेली. त्यातले दोघे वारले, पाचजण आखातात आणि कॅनडात गेले. चौघे इथेच आहेत. त्या चौघांत तुझा मुलगा अयसर आहे.

अडचण एका नियमाची आहे. पूर्वी कुठल्याही बैठकीत नाकारलेली किंवा मागे घेतलेली नावं पुन्हा घ्यायची नाहीत. आणि त्या नोव्हेंबरात मृत समुद्रावरच्या हॉटेलात जी बैठक झाली, तिच्या इतिवृत्तात अकरा नावांपुढे लिहिलं आहे, ‘विनंती मागे घेण्यात आली’. इतिवृत्त मी लिहिलेलं आहे. तळाशी सही माझी आहे.

ती विनंती तू केली होतीस. तेव्हा ती मागे घेतली नव्हती असं तूच लिहून दिलंस, तर चार नावं पुन्हा विचारात येतील. सोबत अर्ज आहे. सही तिसऱ्या पानावर करायची. तीस एप्रिलच्या आत तो माझ्या हातात पाहिजे.

त्या दिवशी गडबड होती. छायाचित्रकार यायचे होते, हॉटेलच्या माणसांनी टेबल आवरलं, त्यात तुझा पेलाही गेला. तू त्याचा जो अर्थ घेतलास तो घेतलास. मी तो बदलायला बसलेले नाही. मला सही हवी आहे.

अयसर बरा आहे. पाण्याचे पंप दुरुस्त करतो. केस अर्धे पांढरे झाले आहेत. त्याच्या आईला, नज्लाला सांग, गेल्या ईदला तिने पाठवलेला स्वेटर त्याला घट्ट होतो, पण तो घालतो.

वजीहा


अम्मान, २७ मार्च २०१८

सुब्ही,

हाज्जा काल परत आली. तिच्याकडून जे कळलं ते असं.

‘‘तुझा भाऊ भला माणूस आहे,’’ ती म्हणाली. ‘‘मला बसवलं, चहा दिला, पाठीला उशी दिली. पत्र वाचलं, घडी केली, खिशात घातलं आणि विचारलं, यंदा बदाम कसे आहेत तुमच्याकडे? मी म्हटलं, अबू अयसर, मी बदामांसाठी पूल ओलांडून आले का? तर म्हणतो, मग पत्रासाठी आलीस, ते मिळालं.’’

‘‘आणि नज्ला?’’

‘‘ती बिचारी खाटेवरून ओरडली, सही कर रे माणसा, माझे गुडघे गेलेत, मी आता त्याला बघायला जाऊ शकत नाही. तर तो तिच्यावर चिडला नाही. तेच वाईट. चिडला असता तर बरं होतं. म्हणाला, अम्मानने मला भरल्या टेबलावर नाकारलं, हे मी बावीस वर्षं गावाला सांगत आलो. आता काय सांगू? की कुणी नाकारलंच नव्हतं, मीच उठून आलो?’’

तुझी अडचण मला कळते. तू नगराध्यक्ष होतास. अकरा घरांनी तुझ्यावर भार टाकून तुला पाठवलं होतं, आणि तू हात हलवत परत गेलास. त्या घरांना कारण देणं भाग होतं. तू राज्याचं नाव घेतलंस, आणि मग स्वतःच्या शब्दाला जागून बावीस वर्षं अम्मानमध्ये पाऊल ठेवलं नाहीस. नज्ला दर ईदला माझ्याकडे येऊन मुलाला भेटून जायची आणि तू फोनवर त्याला ‘बरा आहेस ना, आईशी बोल’ म्हणायचास. हट्ट आपल्या घरात सगळ्यांना सारखा वाटला गेला आहे.

मागच्या पत्रात मी लिहिलं, हॉटेलच्या माणसांनी टेबल आवरलं. ते पुरतं खरं नाही. त्यांना मी सांगितलं होतं. माझ्या वरच्या कुणी मला सांगितलं नव्हतं. आमच्या बाजूचे प्रमुख आणि बैठकीचे यजमान आदेल पाशा तेव्हा दरबारातून आलेला फोन घ्यायला बाहेर गेले होते. आता ते हयात नाहीत, म्हणून सांगते. त्या माणसाने तुला नाकारलं नाही.

समितीत एक परदेशी गृहस्थ आहेत. त्यांना कळावं म्हणून मला माझ्या जबानीत आपली रीतसुद्धा लिहून द्यावी लागली. लिहिताना फार विचित्र वाटलं. ‘मागणी घेऊन आलेला मुख्य पाहुणा कॉफीचा पेला समोर ठेवतो, पीत नाही. यजमानाने मागणी मान्य केली की मगच पितो. पेला तसाच उचलून नेणं म्हणजे मागणी झिडकारणं.’ चार ओळी. राकान नावाचा तरुण अधिकारी समितीचं काम बघतो, त्याने वाचलं आणि विचारलं, ‘‘सित्त वजीहा, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?’’

मी म्हटलं, ‘‘मुला, मी ऐन सिद्रची आहे.’’

त्याने पुढे काही विचारलं नाही. चांगल्या घरातला आहे.

अयसरला मी अर्जाचं सांगितलं. तो पंप उघडून बसला होता. हात पुसत म्हणाला, ‘‘आत्या, बाबांना त्रास देऊ नका.’’ मग पंपाचं झाकण बसवलं. नंतर विचारतो, ‘‘घर नवीन बांधलं ना त्यांनी? आईची खोली दारापासून कुठल्या बाजूला आहे?’’ मला माहीत नव्हतं. तू कळव. हे एवढं कळवायला सही लागत नाही.

वजीहा


अम्मान, १० एप्रिल २०१८

सुब्ही,

हाज्जा हात हलवत आली. खोलीची बाजूही तू कळवली नाहीस. वीस दिवस उरले आहेत.

आज तुला एक वेगळी गोष्ट सांगायची आहे. कर्नल खद्दूरी आठवतो? इस्रायली बाजूला डाव्या टोकाला बसायचा, टक्कल, जाड चष्मा, आणि बोलला की बगदादच्या बाजारात उभं असल्यासारखं वाटायचं. तेरा वर्षांचा असताना बगदाद सोडलं, असं त्याने एकदा जेवताना सांगितलं होतं. नदीकाठच्या गस्तीच्या मसुद्यावर आमच्या लोकांशी सकाळभर भांडायचा आणि दुपारी त्यांनाच लोणच्याच्या पाककृती विचारायचा. तो जिवंत आहे. ऐंशीच्या वर आहे. राकानने त्याच्याशी फोन जोडून दिला, कारण त्या खोलीतल्या बड्या माणसांपैकी आता तू आणि तो, एवढेच उरला आहात.

मी नाव सांगितलं. तो म्हणाला, ‘‘सित्त वजीहा. तुमचं अक्षर अजून आठवतं. तुमच्या इतिवृत्तात एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नसायचा.’’

मी त्याला विचारलं, ऐन सिद्रच्या विनंतीबद्दल त्याला काय आठवतं.

‘‘काय आठवतं? बावीस वर्षं मी तुमच्या पाशाला शिव्या घालतो आहे, अल्ला त्याच्यावर दया करो. तुमच्या त्या नगराध्यक्षाने पेला ठेवला. माझ्या आजोबांच्या दिवाणखान्यात मी लहानपणी हे डझनभर वेळा पाहिलेलं. आमच्या बाजूच्या बाकीच्या पोरांना वाटलं, त्याला कॉफी आवडली नाही. एकाने त्याच्यासाठी चहा मागवला. मी त्याच्या पायावर पाय दिला.’’

‘‘मग?’’

‘‘मग मी बाहेर गेलो. तुम्हाला वाटलं असेल, सिगारेट ओढायला. मी मंत्र्याला फोन केला. म्हटलं, साहेब, या माणसाने पेला ठेवलाय आणि तो जॉर्डनच्या पाशापुढे ठेवलाय. पाशा मध्ये पडला तर जामीन तो राहील. उद्या काही झालं तर आपण पाशाचा गळा धरू शकतो. असा जामीन पुन्हा मिळणार नाही. वीस मिनिटं घासाघीस केली. चार नावांवर तो अडून बसला. सात सोडली.’’

तो म्हणाला, ‘‘आहात ना?’’

‘‘आहे.’’

‘‘सात नावं सिगारेटच्या पाकिटावर लिहून मी आत आलो. बघतो तर टेबल लख्ख. पेला नाही, माणूस नाही. मी समजलो, पाशाला जामीन राहायचं नाही. उचलून टाकला पेला. यजमानच अंग काढून घेतोय, तर मी कशाला स्वतःहून सात माणसं देऊ? पाकीट खिशात ठेवलं. मला वाटलं, तुमचे लोक फार कोरडे झाले.’’

मी विचारलं, सातांत अयसर सुब्ही होता का.

‘‘तिसरा. त्याचा बाप समोर बसला होता, म्हणून वर घेतला.’’

त्या खोलीत तिन्ही देशांची माणसं होती, आणि ज्यांच्या हातात काही होतं त्या प्रत्येकाला पेल्याचा अर्थ कळत होता. तो कळत नसता, तर खद्दूरीने पाकीट बाहेर काढून नावं वाचली असती. तू चहा पीत बसून ऐकली असतीस.

तो लेखी जबानी द्यायला तयार आहे. फोन ठेवताना म्हणाला, ‘‘त्या नगराध्यक्षाला माझा सलाम सांगा. आणि ते टेबल कुणी आवरलं, ते कळलं तर मलाही सांगा. मरायच्या आधी शिव्या योग्य पत्त्यावर पाठवीन.’’

मी सांगितलं नाही. तुला आधी सांगायचं आहे, आणि या पत्रात ते लिहायला माझा हात होत नाही.

वजीहा


अम्मान, १९ एप्रिल २०१८

सुब्ही,

आता नीट लिहिते.

पाशा फोनवर गेले. खद्दूरी बाहेर गेला. बाकीचे खिडकीशी उभे राहून समुद्राकडे बघत होते. टेबलापाशी तू एकटा होतास. पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. कॉफी वाढणारा म्हातारा अबू खलफ दाराशी होता. पाच मिनिटांत छायाचित्रकार येणार होते आणि टेबल मोकळं पाहिजे, असं कार्यक्रमपत्रिकेत माझ्याच हाताने लिहिलेलं होतं.

मी अबू खलफला म्हटलं, ‘‘टेबल आवर.’’ त्याने सगळे पेले उचलले. तुझा ठेवला.

मी म्हटलं, ‘‘तोही.’’

तो हळूच म्हणाला, ‘‘सित्त, हा उचलायचा नसतो.’’

‘‘मी सांगते आहे ना.’’

‘‘तुम्ही सांगता, पण माझा हात नाही जात. पाशांना येऊ द्या.’’ आणि तो कॉफीचा दल्ला उचलून खोलीबाहेर निघून गेला. बेदूईन म्हातारा, सही अंगठ्याने करणारा. त्याला समजलं काय करू नये.

मग मी टेबलाला वळसा घालून आले आणि तो पेला माझ्या हाताने उचलला.

हे तू पाहिलंस. तुला हे सांगायची गरज नाही, पण मी हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, स्वतःलाही नाही. मी नेहमी ‘आवरला गेला’ असं म्हणत आले. तू वर बघून विचारलंस, ‘‘वजीहा, हे तू करते आहेस की त्यांनी सांगितलं?’’

मी म्हटलं, ‘‘वेळ संपली.’’

ते उत्तर नव्हतं. मी त्यांनी सांगितलं असं म्हटलं नाही, आणि मी करते आहे असंही म्हटलं नाही. तुला जो अर्थ घ्यायचा तो घेऊ दिला. तू उठलास आणि गेलास. पाशा परत आले, त्यांनी रिकामी खुर्ची बघून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, विनंती मागे घेतली. मग तेच लिहिलं. लिहिलं की ते खरं होतं, अशी आमच्या खात्याची समजूत असते.

का केलं, ते विचारशील. मी स्वतःला बावीस वर्षं जे कारण दिलं ते असं. यादीत माझा भाचा होता. मागणारा माझा भाऊ होता. लिहिणारी मी. खात्यात तेव्हा त्या पदावर मी एकटी बाई होते, आणि नदीपलीकडून आलेली. सदुसष्ट सालच्या जूनमध्ये युद्ध लागलं तेव्हा परीक्षेला इकडे होते म्हणून इकडचीच होऊन राहिलेली. जरा ढिली पडले असते तर म्हणाले असते, बघा, शेवटी आपल्या माणसांसाठी टेबल अडवून बसली. तेव्हा मी इतरांपेक्षा जास्त कडक झाले. परक्या माणसाने पेला ठेवला असता तर मी छायाचित्रकारांना बाहेर थांबवलं असतं. हे मला नक्की माहीत आहे. तू माझा भाऊ होतास म्हणून मी तुला पाच मिनिटं दिली नाहीत.

ही सगळी जबानी मी काल समितीकडे दिली. राकान म्हणाला, ‘‘सित्त, एवढं लिहायची गरज नाही. गैरसमज झाला, असं लिहा, चालून जाईल. मंत्रालयाच्या जिन्यात तुमचा फोटो आहे. नवीन मुलींना तुमची इतिवृत्तं नमुना म्हणून शिकवतात.’’

मी म्हटलं, ‘‘मग हेही शिकवा.’’

फोटो काढतील तर काढतील. चौकशीही होईल. तू सही केलीस किंवा न केलीस तरी माझी जबानी तिथे राहील. पण तिच्या एकटीच्या बळावर नावं चढत नाहीत. मागणाऱ्याने सांगावं लागतं की मी मागणी सोडली नव्हती.

गावाला काय सांगायचं, याचं उत्तर आता तुझ्याकडे आहे. सांग, माझ्या बहिणीने उचलला. चौघांच्या घरी जाऊन सांग. त्यांना माझा पत्ता दे.

अकरा दिवस आहेत.

वजीहा


अम्मान, १ मे २०१८

सुब्ही,

अर्ज काल दुपारी मिळाला. हाज्जा पुलावरून थेट इकडे आली, घरीसुद्धा गेली नाही. साडेतीन वाजता मी तो समितीच्या कचेरीत नेऊन दिला आणि पोच घेतली.

हाज्जाने सांगितलं ते लिहून ठेवते, म्हणजे तुला कळेल की मला कळलं आहे. तू शुक्रवारच्या नमाजानंतर चारही घरी गेलास, आणि तिलाही बरोबर नेलंस. ‘‘साक्षीदार म्हणून. माझे पाय हे असे, आणि हा मला टेकडी चढवतोय. पहिल्या घरी त्याने सांगितलं, अम्मानने आपल्याला नाकारलं नव्हतं. तिथला म्हातारा म्हणाला, मग कुणी? तर तुझा भाऊ म्हणाला, आमच्याच घराने. बाईचं नाव नाही घेतलं त्याने. दुसऱ्या घरी एका आईने त्याच्या अंगावर चप्पल फेकली. त्याने ती उचलून तिच्या पायाशी ठेवली.’’

नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं.

तिसऱ्या पानावर तू सहीच्या वर एक ओळ स्वतःच्या अक्षरात घातली आहेस. राकानने आधी विचारलं, ही खोडायची का, अर्जात जादा मजकूर चालत नाही. मी त्याला ती पुन्हा वाचायला लावली. ‘पेला उचलला म्हणून मागणी संपत नाही. माणूस उठला की संपते. मी उठलो.’

मी त्याला म्हटलं, राहू दे. त्याने राहू दिली.

हे तुझं बरोबर नाही, असं मला वाटतं. उठणाऱ्याचा दोष उचलणाऱ्याएवढा नसतो. पण तो तुझा अर्ज आहे.

वजीहा


अम्मान, २० जून २०१८

सुब्ही,

हे पत्र अयसरच्या हातात आहे. पाकीट बंद आहे आणि त्याने ते उघडलेलं नाही. तो तसा नाही.

चौघांचीही नावं लागली. अट तुला कळलीच असेल. जो जाईल त्याने इकडचे कागद पुलावर जमा करायचे आणि पाच वर्षं परत इकडे यायचं नाही. इस्रायलींना तसं हवं होतं, आमच्या लोकांनाही त्यात सोय दिसली, तुमच्यांनी मान डोलावली. तिघांचं एकमत होण्यासारखं एवढंच होतं बहुतेक. मी बहात्तर वर्षांची आहे, आणि हिशेब येत नाही असं नाही.

अट ऐकल्यावर अयसर जायला तयार नव्हता. म्हणाला, ‘‘आत्या, तुमच्या औषधांचं कोण बघणार?’’ मी म्हटलं, मी तुझ्या जन्माआधीपासून वाचायला शिकलेली आहे, बाटलीवरचं वाचीन. तरी तो आठ दिवस अडून बसला. शेवटी ईदच्या सकाळी नज्लाने फोनवर त्याला काय सांगितलं ठाऊक नाही, तो गच्चीवर गेला आणि खाली आला तेव्हा बॅग घेऊनच आला.

माझा फोटो जिन्यातून काढला. चौकशीत एका तरुणाने मला विचारलं, आपल्याला आणखी काही सांगायचं आहे का. मी नाही म्हटलं. त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. तुला सांगण्यासारखं आहे.

एकोणीस एप्रिलच्या पत्रात मी कारण दिलं, की लोक काय म्हणतील म्हणून मी कडक झाले. ते खरं आहे. पण ते सगळं नाही.

त्या वर्षी जुलैपासून अयसर माझ्याकडे राहत होता. पुलावरून परत पाठवल्यावर तो दुसरीकडे कुठे जाणार? एकवीस वर्षांचा होता. रेडिओ मोठ्याने लावायचा, माझी पुस्तकं अर्धी वाचून पालथी ठेवायचा, संध्याकाळी मला मंत्रालयातून यायला उशीर झाला तर जिन्याच्या पहिल्या पायरीवर येऊन बसायचा. मी पन्नास वर्षांची होते. सदुसष्टनंतर माझी वाट बघत कुणी बसलेलं नव्हतं. आईबापांना मी त्यानंतर चार वेळा पाहिलं, तेही परवाना काढून, आणि लग्न मी केलं नाही.

पेला उचलताना माझ्या मनात हे होतं का? मी रोज स्वतःला विचारते. नव्हतं असं शपथेवर सांगता येत नाही. एवढं सांगता येतं. त्या संध्याकाळी घरी आले तेव्हा तो पायरीवर होता. त्याने विचारलं, ‘‘काही झालं का, आत्या?’’ मी म्हटलं, ‘‘नाही झालं.’’ तो आत गेला, थोडा वेळ खोलीत राहिला, मग बाहेर येऊन त्याने वांगी तळली आणि आम्ही जेवलो. आणि सुब्ही, मला त्या जेवणात बरं वाटलं. तुझं घर तिकडे दार बंद करून बसलं असेल, नज्ला रडत असेल, हे मला माहीत होतं. तरी बरं वाटलं.

त्यानंतर बावीस वर्षं वाटत राहिलं. त्याच्यासाठी मी धडपडले, कागद काढले, काम लावून दिलं, दोनदा मुली बघितल्या, पण त्याला घरी पाठवायला काही केलं नाही. माझ्या ओळखीची माणसं तीन राजधान्यांत होती. खद्दूरीचा नंबर मागायला मला एक दुपार लागली. ती दुपार शहाण्णव सालीही होती.

याला अर्जात रकाना नव्हता.

तो सकाळी लवकर उठतो, पण बोलत नाही. त्याच्याशी तासभर बोलू नका, राग समजू नका. पंप, मोटार, फ्रिज, काहीही बिघडलेलं त्याच्यासमोर ठेवा, म्हणजे त्याला हात कुठे ठेवायचे कळेल. तुझ्याशी काय बोलावं हे त्याला माहीत नाही आणि तुलाही नसणार. दोघांनी मिळून काही दुरुस्त करा.

आईची खोली कुठल्या बाजूला आहे, ते त्याला आता दिसेलच.

बस नऊला सुटते. तो दारात उभा राहून ‘‘आत्या, झालं का लिहून’’ म्हणतो आहे, तिसऱ्यांदा. मी त्याला पुलापर्यंत सोडायला जाणार नाही. चौघांच्या चार बॅगा आहेत, जागा होत नाही, असं त्याला सांगितलं आहे.

हे पत्र त्याला वाचायला द्यायचं की फाडून टाकायचं, ते तू ठरव. त्याला मी काय केलं ते कळायला हवं असं मला वाटतं, आणि कळू नये असंही वाटतं, म्हणून माझ्या मताला इथे किंमत नाही. त्याच्या वतीने मी एकदा ठरवलेलं आहे.

वजीहा